मंगळवारची सुट्टी

रविवारी आता आमचं दुकानही उघडं.
शेठनी काचेला कागद लावला:
यात्रेकरूंच्या सोयीसाठी, सातही दिवस, रात्री दहापर्यंत.
चिकटपट्टी मीच तोडून दिली, दातांनी.

सुरतेच्या, इंदूरच्या बसेस लागतात.
रामकुंडावरून बायका ओल्या केसांनी थेट वर येतात,
फरशीवर पावलं उमटतात, मी पुसते.
येवल्याचीच ना? खरी ना?
मी पदर पालथा करते.
खरी असेल तर उलटीकडूनही मोर तस्साच दिसतो, ताई.

ह्यांची सुट्टी शनिवारी, सातपूरच्या कारखान्याला.
ईश्वरीची रविवारी.
माझी आता मंगळवारी.
कुलूप एक, किल्ल्या तीन.

मंगळवारी चादरी धुते, डबे पुसते,
कुकरमध्ये एका माणसाचा भात
लागतोच खाली, कितीही पाणी घाला.

पगार वाढला, खोटं कशाला बोलू. नऊशेनं.
त्यात सायकलचा हप्ता जातो.
सायकल ती रविवारी गंगेवर चालवते,
बाप मागून पळतो, एका हातानं व्हिडिओ काढत.
हा रविवार त्यानं कसा मागून घेतला, विचारलं नाही मी.
आवाज बंद करून बघते,
काउंटरखाली, घडी घालता घालता.
हँडल सोडलं वाटतं तिनं.
तेवढ्यात कुणीतरी म्हणतं, हिरव्यात दाखवा.

शेजारी तांबटांचं शटर मात्र खाली,
पायरीवर कुत्रं पसरलेलं, ऐन गर्दीत.
हंड्यासाठी आलेलं गिऱ्हाईक मलाच विचारतं,
हे बंद का हो?

रविवार आहे ना आज,
मी सांगते.