कोलितमारा, सकाळ

नाक्यावर वहीत नाव, गाडीचा नंबर.
"प्लास्टिक?" नाही. "माचिस?" नाही.
"गळ?"
नाही म्हणालो,
आणि सीटखालची काठी पायाने आत सारली.

गाइड देवचंद नान्हे. बूट नवे, चालणं जुनं.
"हळू चला जी, सागाचं पान चुगली करते."
येनाच्या सालीवर ओरखडे,
त्यात बोट घालून म्हणाला, "परवाचा."
त्या बोटाच्या पेरावर दोरीने कापल्याची खूण होती,
तिचं मात्र तो काही बोलला नाही.

पेंच खडकांतून उतरत होती,
अर्जुनाची मुळं पाण्यात पाय सोडून बसलेली.
पलीकडे सांबरीण प्यायली, थबकली,
कान आमच्याकडे, हनुवटीवरून थेंब.
मग नुसतं पाणी.

"या डोहात मरळ होती, हातभर.
आजा डोळे मिटून जाळं फेके.
आता बंद आहे. बरंच झालं म्हणा."
त्याने एक खडा उचलला,
फेकला नाही. खिशात ठेवला.

तेवढ्यात डोहावर हवेतच एक पक्षी
थरथरत थांबला, काळापांढरा,
सरळ खाली पडला,
वर आला तेव्हा चोचीत वळवळती चांदी.
"कवड्या धीवर," मी पुस्तकातलं नाव सांगितलं.
देवचंद हसला.
"आम्हीबी धीवरच जी.
त्याले पास नाही लागत."

परतताना नाक्यापाशी
त्याची नजर सीटखाली गेली, काठीच्या टोकावर.
बराच वेळ गप्प.
"तरंगा कशाचा हाये?"
"मोरपिसाच्या देठाचा. बाबांचा."
"मंग भारी हाये," म्हणाला,
आणि गाडीचं दार हलकंच लोटलं.