छोटं अक्षर

न्यू बेडफर्डच्या लायब्ररीत, तळघरात, दर मंगळवारी
मी इंग्रजी शिकवते.
फळ्यावर लिहिलं, व्हिक्टोरियन. पहिलं अक्षर मोठं.
नावापासून झालेल्या विशेषणाला इथे
टोपी काढू देत नाहीत.

"आमच्याकडे छोटंच," एत्तोरे म्हणाला, युनियन स्ट्रीटवरचा न्हावी.
गारिबाल्दीचं गारिबाल्दीनो :
पुढचामागचा विचार न करता जो घुसतो, तो.
सेनापती कधीच घोड्यावरून उतरला,
आता कुणीही पोरगा सिग्नल तोडून त्याचा शब्द होतो.

येसेनिया मासळीच्या कारखान्यातून थेट आलेली.
सालोमोनिको, ती म्हणाली,
निवाड्याला म्हणतात, आणि चर्चमधल्या पिळाच्या खांबालाही.
म्हणजे राजाचा न्याय राहिला, पीळही राहिला.

मी तुघलकी सांगितलं. सगळे हसले, प्रत्येकाच्या देशात एकेक होता.
हेमाडपंती सांगताना
चुन्याशिवाय बसलेले दगड हातांनी रचून दाखवले.
देओलिंदा म्हणाली, आमचं मानुएलीनो, तेही दगडाचंच,
फक्त त्यात जहाजाचे दोरखंड कोरलेले, गाठींसकट.

गाठ म्हणाली आणि थांबली.
मग वहीत लिहिलं : वेनान्सियानो.

हा कुठला राजा?
राजा कसला. माझा नवरा, वेनान्सिओ. तेवीस वर्षं ट्रॉलरवर.
वेनान्सियानो गाठ, म्हणजे कापावीच लागते ती.
वेनान्सियानो कॉफी, साखर तळाशी तशीच.
सूप मात्र वेनान्सियाना, कारण आमच्यात सूप बाई असते.
जन्मभर तसूभर बदलला नाही,
आता सूपासमोरसुद्धा वाकतो.

मी ते तपासलं नाही. लाल पेन टोपणात होतं.

साडेआठला दिवे घालवले, तळघराला कुलूप लावलं,
ओढून पाहिलं.
चार पायऱ्या चढून परत आले, ओढून पाहिलं.
किल्ली खिशात टाकली आणि पुन्हा एकदा.

देओलिंदा बसची वाट पाहत कठड्याशी उभी होती.
"हे कुणाचं?" तिने विचारलं.

त्र्यंबकी, मी म्हणाले.
आमच्यात कुलूप असो, खुर्ची असो, रात्रीचा खोकला असो,
हे असंच राहतं, कुणापुढे बदलत नाही.
आणि मोठं अक्षर तर आमच्या लिपीतच नाही,
बाबाही बाकीच्यांसारखेच रेघेला लोंबकळतात.

"त्रिंबाकी," ती म्हणाली.
मी दुरुस्त करणार, तेवढ्यात तिची बस आली.