वेगळं धुवा

चूक कुणाची ते अँटवर्पच्या पार्टीला
फोनवर सांगून भागेना.
चारशे टॉवेल, एकच माप, एकच मोरपंखी रंग,
अर्ध्यांना फ्रेंच लेबल, अर्ध्यांना डच,
आणि आम्ही खोकी बदलली.

"देश एकच ना ओ?" मल्लेशम यन्नमनं विचारलं.
"एकच," मालक म्हणाले,
"पण इकडचं लेबल तिकडं गेलं
तर दुकानदार माल उचलत नाही."
सिद्धव्वा हसली. ती मैंदर्गीची.
तिच्या गावात पाटी मराठीत, भांडण कन्नडात,
आणि उधारी ज्याला जी येईल तीत.

मग रात्रपाळी. ब्लेडनं एकेक टाका उसवायचा,
टेरीचा धागा ओढला जाता कामा नये.
शब्बीर नदाफ गठ्ठे लावत सांगत होता,
गेल्या साली बार्सिलोनावाल्यांनी कळवलेलं,
बिलावर आमचं शहर लिहा, स्पेन नको.
"मग पैसे कुठनं आले?"
"स्पेनच्याच बँकेतनं की!"

माझे आजोबा सिरसिल्ल्याहून आले
तेव्हा ते गाव निजामाचं होतं.
मग आंध्राचं झालं. आता तेलंगणाचं.
गाव जागचं हललं नाही, हलले आजोबा,
आणि पूर्व भागातल्या त्या खोलीत
साठ वर्षं माग चालवूनही
रेशनवाल्याच्या तोंडी ते "तेलगू"च राहिले.
तिकडं लग्नाला गेलो की आम्ही "महाराष्ट्रोळ्ळु".
दोन्हीकडं पान मिळतं,
वाढपी जरा उशिरा येतो.

पहाटे तीनला मालकांची श्रुतिका चहा घेऊन आली.
मोबाइल धरून तिनं डच लेबल वाचलं:
थंड पाणी. वेगळं धुवा.
मग फ्रेंच:
थंड पाणी. वेगळं धुवा.
सिद्धव्वा म्हणाली, "इदक्क?"
एवढंच. आणि पुढचा टॉवेल ओढला.

दोन लेबलं जास्तीची उरली. पोलक्यात खोचून आणली.
सकाळी बघते तर पोराच्या दप्तराचा पट्टा निघालेला.
हाताला लागलं ते दुहेरी घडी घालून लावलं,
एकावर एक, गच्च.
"अव्वा, हे कुठल्या देशाचं?"
"ठरायचंय त्यांचं अजून.
तू डबा घे."