उत्तरेची भिंत

एकाहत्तर सालचा नकाशा, निळा, घडीवर फाटलेला.
त्यात वाफ सरळ रेषेत चालते:
बॉयलर घर, लाँड्री, ऑटोक्लेव्ह, मग स्वयंपाकघर,
आणि एक फाटा,
जो कुठे जात होता ते वाळवीनं खाल्लंय.

गंभीर तडवी नकाशा बघतच नाही.
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पाइपला, मूठ कानाला,
डोळे मिटून ऐकतो.
"हा ट्रॅप मेलाय, मॅडम. हा झोपलाय.
हा नुसता थुंकतोय."
मी वहीत मांडते: मेलेले एकोणीस, झोपलेले सात.
थुंकणाऱ्यांसाठी रकाना नव्हता,
आखून घेतला.

मुख्य व्हॉल्व्हवर त्यानं हात ठेवला, फिरवला नाही.
"बंद होईल कदाचित. पण परत उघडणार नाही.
माझा सासरा असाच."

दोनशे दहा खाटा, एकही रिकामी नाही.
दोन व्हरांड्यात आहेत, त्या मोजू नका म्हणाले.

बैठकीत मी म्हटलं, बेचाळीस तास वाफ बंद.
सर्जन नेहेतेंनी ऐकलं छत्तीस.
आचाऱ्यानं ऐकलं, दोन दिवस वरणभात गॅसवर.
मेट्रन भारंबेंनी काहीच ऐकलं नाही;
चष्मा पुसला आणि विचारलं,
"बाळंतिणी तुमच्या वेळापत्रकावर सही करणार का?"

मग तारखेचा विषय निघाला. मी म्हटलं, मे.
सगळं टेबल हसलं.
भुसावळात? मेमध्ये? बॉयलर घरात वेल्डिंग?
तिथे पावाचा तुकडा ठेवला तर टोस्ट होईल.
हसू दिलं त्यांना.
मग सांगितलं: मेमध्ये गच्चीवरची टाकी
सकाळी दहालाच हात लावू देत नाही,
आंघोळीच्या पाण्याचा प्रश्न ऊन सोडवतं.
सरकीची तेलगिरणी तेव्हा बंद असते,
सरोदेशेठचा छोटा बॉयलर नुसता गंज खातो.
तो ट्रेलरवर आणू, मागच्या फाटकातल्या निंबाखाली उभा करू,
तिथून ऑटोक्लेव्हपर्यंत तात्पुरती लाइन,
वरून पत्रा, म्हणजे लेकरं हात लावणार नाहीत.
शेठ म्हणाले, भाडं नको,
माझी तिन्ही पोरं तुमच्याच इथे झाली.
थोडं थांबून: डिझेल तुमचं.

मेट्रननं चष्मा लावला.
"ड्रम किती दिवसांचे भरून ठेवायचे?"
तेव्हा कळलं, योजना मंजूर झाली.

हे सगळं जानेवारीत. रात्री मोजणी चालायची,
कारण दिवसा पाइपाचा आवाज ऐकू येत नाही.
तीन वाजलेले, व्हरांड्यात सात अंश,
वॉर्ड चारमध्ये
खाट अकरा, खाट बारा, खाट तेरा
जागेवरून ढकलून भिंतीला लावलेल्या.
म्हातारे तिघं, पाठ टेकून, ओळीत,
एसटीची वाट बघावी तसे.

तडवीनं भिंतीला कान लावला.
वाळवीनं खाल्लेला फाटा सापडला.
उघडा पाइप, लॅगिंग कधीच गळून गेलेलं,
विटांच्या आत वर्षानुवर्षं तापत बसलेला.
मी तिथेच गणित केलं:
वाया जाणारी वाफ, वर्षाला चाळीस टन.
आकड्याखाली दोन रेघा मारल्या.

अकरा नंबरनं डोळे उघडले.
"ताई, हाई भित कव्हय बंद करशात?"
मेमध्ये, बाबा.
त्यानं बोटांवर काही मोजलं,
महिने की आणखी काही, मी विचारलं नाही.
"पाठले बरं वाटस," म्हणाला,
आणि खांदे परत भिंतीला नीट बसवले.

पहाटे कामांची यादी पुन्हा लिहिली.
उत्तरेची भिंत पाचव्या नंबरवर होती,
सगळ्यात खर्चिक गळती म्हणून.
ती एकतिसाव्यावर नेली, म्हणजे शेवटी.
कारणाच्या रकान्यात काहीतरी लिहावं लागतं.
लिहिलं: जागा वापरात आहे.

तडवीनं वाचलं.
स्क्रूड्रायव्हर खिशात घातला,
म्हणाला, स्टेशनबाहेरचा चहावाला उठला असेल.