दहावी पायरी

वाशीच्या पाणीपुरवठा कार्यालयात
निरोपाची भाषणं मी लिहायचो.
कुणी नेमलं नव्हतं. अक्षर बरं होतं, इतकंच.
कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, हसतमुख:
तीन शब्द, वर शाल, खाली श्रीफळ.
नाव बदललं की दुसरा माणूस निवृत्त.

मध्ये एक विनोद घालायचो.
त्याच्या आधी घसा खाकरून,
"आता एक गंमत सांगतो."
झालं. माणसं अंग आवळून बसायची,
नर्ससमोर दंड उघडा करून बसतात तशी.

हिराजी मढवी, मीटर रीडर,
मूळचा दिवाळे गावचा, कोळंबीइतकाच खाडीचा,
राहायला सिडकोच्या इमारतीत, तिसरा मजला.
त्यानं माझा कागद वाचला, घडी घातली.
"अक्षर झ्याक आहे. पण तुम्ही पाव्हण्याला
आधीच सांगता, पुढं खड्डा आहे म्हणून.
चला, माझा जिना दाखवतो."

प्रत्येक वळणाला दहा पायऱ्या.
शेवटच्या वळणाला नऊ.
एक कंत्राटदारानं खाल्लेली.
माझा पाय दहावीच्या भरवशावर उठला
आणि फरशीवर धाडकन आदळला.
मी आधी "आई गं" म्हणालो, मग हसलो.
हिराजीनंही पाय आपटला, मुद्दाम, माहीत असून.
दारातून सुगंधाबाई: "रोज आपटतात.
बेल वाजवायचा कंटाळा."

"आधी दहाची सवय लावा," हिराजी म्हणाला,
"मग नऊच द्या.
आणि माणूस धडपडला की गप बसा.
का धडपडला, ते त्याला समजावू नका."

त्या रात्री मला माझीच भाषा
नवीन भाडेकरूसारखी दिसली.
क्रियापद शेवटी. सोय कधीची करून ठेवलेली.
साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं,
चहा मागवला, मुलांची चौकशी केली,
खांद्यावर हात ठेवला आणि माझी
(दार अजून लोटलेलंच आहे,
आत बढती बसली असावी)
बदली केली.

स्वतःच्या निरोपाला
हिराजीनं माझा कागद घेतलाच नाही.
माईक धरला मीटरसारखा,
लांब, डोळे बारीक करून, आकडा दिसतो का बघत.
"साहेबांचे आभार. सहकाऱ्यांचे आभार.
आणि सेक्टर नऊमधल्या त्या कुत्र्याचे,
जो मला चावला.
चौदा इंजेक्शनं, चौदा दिवस रजा,
त्या रजेत माझं लग्न जमलं."

वेफरच्या बशा हातातल्या हातात राहिल्या.
हसू ओसरायच्या आत पहिल्या रांगेतून
सुगंधाबाई, पदर सावरत:
"चौदावं चुकवलंय त्यांनी.
बत्तीस वर्षं मी सोसतेय."

माझ्या खिशातला कागद मी फाडला नाही.
तसं गोष्टीत करतात.
मी त्यावर बटाटवडा ठेवून खाल्ला.

गेल्या मार्गशीर्षात हिराजी गेला.
शोकसभेत बोला म्हणाले. मी नाही म्हणालो.
कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, हसतमुख,
आणि पुढे मला काही सुचेना.

तेरावं झाल्यावर घरी गेलो.
संध्याकाळ. जिन्यातला बल्ब गेलेला,
जाळीतून खाडीचा वास.
हा जिना मी वीस वर्षं ओळखतो.
शेवटच्या वळणावर मोजत चढलो,
सहा, सात, आठ, नऊ,
आणि तरी पाय उठला.

धाडकन.

आतून लगबग. कडी निघाली.
सुगंधाबाई दारात, ओले हात तसेच.
सांत्वनाची वाक्यं मी पाठ करून आलो होतो.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
माझ्या मागे पाहिलं, अंधारात,
परत माझ्याकडे.
"मला वाटलं," त्या म्हणाल्या,
"हे आले."