समोरची खुर्ची

कुंडईच्या पठारावर गोळ्या पाकीटबंद करायचा कारखाना,
तिथं मी माणसं घेतो.
हुद्द्याचं नाव चारदा बदललं.
आताचं इतकं लांब आहे
की कार्डावर फोन नंबर मागच्या बाजूला गेलाय.
काम तेच:
समोरच्या खुर्चीकडे हात करून म्हणायचं, बसा.

पाच वर्षांनी स्वतःला कुठं पाहता?
हा प्रश्न मुख्य कचेरीतून छापून येतो.
बेतकीचा एक मुलगा क्षणभरही न थांबता म्हणाला,
वीज खात्यात.
मी त्याला घेतला.
अकरा महिन्यांनी तो खरंच तिकडे लागला,
आणि लाईट गेली की अजून
मी त्यालाच फोन करतो.

प्रेरणा आमच्याकडे दर तिमाहीला येते.
गेल्या खेपेला ती पुण्याहून आली, कॉलरला माईक लावून,
दोनापावलच्या हॉटेलात.
एसी इतका की बायका ओढण्या कानांवरून घेऊन बसलेल्या.
डोळे मिटा, म्हणाले, आपापलं शिखर बघा.
शेवंती गावडे रात्रपाळी करून आली होती,
ती तिथंच झोपली,
आणि झोपेत जराशी हसली.
वक्त्यांनी सगळ्यांना तिच्याकडे बघायला सांगितलं.

शेवंती दुसऱ्या पट्ट्यावर.
गोळी नसलेला रिकामा कप्पा
कॅमेऱ्याच्या नजरेतून कधीमधी सुटतो,
तिच्या अंगठ्याखालून सुटत नाही.
तेव्हा महिन्याची उत्कृष्ट कर्मचारी म्हणून
तिचं नाव मीच लिहिलं.
भिंतीवरच्या फ्रेममध्ये फोटो,
आणि एक मिक्सर, तीन भांड्यांचा.

ती म्हणाली, "फोटो नाका, सायबा.
बसपाक मेळ्ळ्यार पुरो."

स्टूल साडेनऊशेला एक. चार मागितली.
वरून उत्तर आलं, उभ्यानं काम केल्यास सतर्कता टिकते,
सोबत अभ्यास जोडला आहे.
अभ्यासाच्या शेवटच्या पानावर
तो करणाऱ्यांचा फोटो होता.
सगळे बसलेले.

मिक्सर मात्र त्याच दिवशी मंजूर.
तिनं तो नणंदेच्या लग्नात देऊन टाकला.

मग म्हार्दोळला जायांची पूजा झाली,
दुसऱ्या दिवशी ती वर आली
आणि माझ्या टेबलावर जायांची एक वेणी ठेवून
उभी राहिली,
सुट्टीचा अर्ज होता.
मी सही करत होतो.
खुर्ची रिकामी होती, तिच्या गुडघ्याला लागत होती,
आणि मी बसा म्हटलं नाही.
सतरा वर्षांपूर्वी म्हटलं होतं,
तेव्हा ती कुणी नव्हती, उमेदवार होती.
नऊ मिनिटं बसली असेल.
त्यानंतर या कंपनीत
ती बसलेली मला आठवत नाही,
हॉटेलातली ती झोप सोडली तर.

वेणी सुकेपर्यंत मी ती हलवली नाही.

शनिवारी पाळी बदलताना
खुर्ची उचलून जिन्यानं खाली नेली.
वळणावर तिचा पाय भिंतीला लागून पोपडा उडाला.
आंतोन सुपरवायझरनं विचारलं, दुरुस्तीला?
मी हो म्हटलं,
आणि दुसऱ्या पट्ट्यापाशी ठेवली.
शेवंती लगेच बसली नाही.
आधी तिनं अंगठा फिरवला सीटवरून,
रिकामा कप्पा शोधतात तसा.

सोमवारी सावईवेऱ्याहून एक मुलगी आली,
प्लास्टिकच्या फाइलीत दहावीपासूनची सगळी गुणपत्रकं.
खुर्ची कुठं आहे ते तिनं डोळ्यांनीच शोधलं.
मग मीही उठलो.
टेबलाच्या दोन बाजूंना आम्ही दोघं उभे,
आणि पाच वर्षांनी कुठं, हा प्रश्न
उभ्यानं तोंडातून निघेना.
छापील कागद बाजूला ठेवून मी विचारलं,
किती वेळ उभं राहवतं?

ती काही बोलली नाही.
माझ्या मागे बघत होती,
चाकांच्या, हात असलेल्या,
अजून हलकेच गोल फिरत राहिलेल्या
माझ्या खुर्चीकडे.