आज भांगेचं पाणी

रत्नागिरीत, हॉटेलच्या गार हॉलमध्ये
काचेखाली अकरा घड्याळं.
एकाची किंमत विचारून
मुकादमांचा थोरला गप्पच झाला.

होडेकरचाचा मात्र खिशातलं भिंग काढून वाकले.
चाळीस वर्षं मिरकरवाड्यात
खलाशांची घड्याळं उघडली त्यांनी;
खारा वारा आधी स्प्रिंग खातो, मग काटे,
आणि मासळीचा वास पेट्रोलनेही जात नाही.

"स्क्रूच्या डोक्यातली खाचसुद्धा घासून चकाकवलीय,"
ते म्हणाले, "कोण बघणार होतं?"
मग बराच वेळ काहीच नाही.
काचेवर त्यांच्या श्वासाचं वर्तुळ
येई, जाई.

तबकडीच्या खिडकीत, निळ्या आभाळावर
पुरा चंद्र.

"हे चुकलंय."

टायवाला पोरगा हसला.
स्वित्झर्लंडचं आहे चाचा,
एकशेबावीस वर्षांत एक दिवस चुकतं.

"चुकू दे. पण आज भांग आहे.
जेटीच्या वरच्या तीन पायऱ्या
परवापासून कोरड्या."

पोराने मोबाईल पाहिला.
पांढरे हातमोजे पुढे केले.
चाचांनी ते घेतले नाहीत.
बोटं सदऱ्याला पुसली, दोनदा,
आणि टोचणीने चंद्र ढकलला.
कट्.
कट्.
सात वेळा, पुढेच.
मागे जात नाही तो.